आधी जॅकेट उलटं करून बघा

प्रश्न नाशिकहून आला आहे. आजोबा देवळालीच्या तोफखान्यात होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत युद्धावरची सतरा इंग्रजी पुस्तकं निघाली, बहुतेक १९४५ ते १९६० या काळातली. पुस्तकं वाचायची नातवाला फारशी हौस नाही, पण वरच्या कागदी कव्हरांवरची, म्हणजे जॅकेटांवरची, चित्रं बघून त्याला वेड लागलंय. चार गोष्टी विचारल्यात: फाटलेली कव्हरं सेलोटेपनं चिकटवू का, लॅमिनेट करून घेऊ का, यांना काही किंमत आहे का, आणि असा संग्रह वाढवायचा तर कुठून सुरुवात करू.

पहिल्या दोन्हींना ठाम नाही. दुकानात गेला असाल तर परत या. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो, कागदात मुरतो, मग वरची पट्टी आपोआप गळून पडते आणि खाली तपकिरी डाग कायमचा बसतो. लॅमिनेशन त्याहून वाईट, ते उलटं फिरवताच येत नाही. फाटलेलं जॅकेट फाटलेलंच राहू द्या. सुटलेले तुकडे, अगदी नखाएवढे असले तरी, पाकिटात घालून त्याच पुस्तकात ठेवा.

आता किमतीचं. या धंद्यात पुस्तकापेक्षा त्याच्या कागदी वेष्टनाला जास्त भाव, हे नव्या माणसाला पटत नाही. कारण सरळ आहे. जॅकेट हे मुळात फेकून देण्यासाठीच होतं. दुकानात कापडी बांधणीला धूळ लागू नये म्हणून गुंडाळलेला कागद. घरी आलं की काढा, टाका. आज माहीत असलेल्या सर्वांत जुन्या जॅकेटांपैकी एक १८२९ मधल्या एका इंग्रजी वार्षिकाचं आहे आणि तेही ऑक्सफर्डच्या बॉडलीयन ग्रंथालयात असून २००९ पर्यंत कोणाच्या नजरेत नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्यावर चित्रंही फारशी नसत. चित्रं आली ती जाहिरात म्हणून, आणि लोक ती फेकतच राहिले. म्हणून पहिल्या आवृत्तीचं जॅकेट नसलेलं पुस्तक शंभर रुपयांना असेल, तर जॅकेटसकट तेच कधी दहापट, कधी वीसपट जातं. आपल्याकडे तर वाचनालयांनी हे काम फारच मन लावून केलं: जॅकेट काढा, खाकी कापडाची पाठ लावून बाइंडिंग करा, शिक्का मारा. मराठी पुस्तकांवरची दीनानाथ दलालांची कितीतरी वेष्टनं याच वाटेनं रद्दीत गेली.

मी छपाईतला माणूस. पुण्यात तीस वर्षं ऑफसेट मशीनवर काढली. त्यामुळे मला लेखकापेक्षा आधी छपाईची प्लेट दिसते, आणि माझा सल्लाही त्याच नजरेचा आहे. कोणतंही जुनं जॅकेट हातात आलं की आधी ते हळूच काढून उलटं करा. पुढचं चित्र मागाहून.

उलट बाजूला काय दिसतं? शाई किती झिरपलीय, कागद किती जाड आहे, कुठे कोणी आतून पट्टी लावून डागडुजी केलीय का, डाग पाण्याचा की तेलाचा. आणि युद्धकाळातलं जॅकेट असेल तर कधीकधी दुसरं चित्रच. १९४० पासून ब्रिटनमध्ये प्रकाशकांना कागद रेशनवर मिळू लागला आणि हे रेशन १९४९ पर्यंत चाललं. १९४२ मध्ये प्रकाशकांचा काटकसरीचा करार झाला, त्यात टाइप किती बारीक, समास किती अरुंद, कागद किती पातळ हे ठरलं. त्या पुस्तकांच्या सुरुवातीच्या पानांवर पुस्तकावर बसलेल्या सिंहाचं छोटं चिन्ह असतं. तुमच्या सतरांपैकी दोनतीनमध्ये नक्की सापडेल. या टंचाईत काही प्रकाशकांनी न खपलेल्या पुस्तकांची उरलेली जॅकेटं काढली आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर नवं जॅकेट छापलं. माझ्याकडे असं एक आहे. बाहेर सर्चलाइटच्या पिवळ्या पट्ट्यांत सापडलेलं बॉम्बर विमान. आत, अर्धी कापलेली, लाल ओठांची एक बाई, कुठल्यातरी प्रेमकथेतली. तिचं नावही अर्धंच उरलंय. जुन्या बाजारात हे मला साठ रुपयांना मिळालं, कारण विकणाऱ्यानं ते कधी उलटं केलं नव्हतं.

त्या काळातली चांगली जॅकेटं कमी का सापडतात याला पातळ कागद हे एक कारण, दुसरं खुद्द युद्ध. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री लंडनच्या पेटरनोस्टर रोवर बॉम्ब पडले. आपल्या अप्पा बळवंत चौकासारखी ती पुस्तकवाल्यांची गल्ली. एका रात्रीत लाखो पुस्तकं जळाली, कितीएक प्रकाशकांची गोदामं गेली. त्यामुळे १९४० च्या आसपासचं, जरा बरं, न कापलेलं जॅकेट दिसलं की मी फार घासाघीस करत नाही.

चित्रांबद्दल थोडं लांबवतो, कारण तुमचा जीव तिथेच अडकलाय. ही चित्रं पोस्टरसारखी का दिसतात? विमानाची काळी आकृती, मागे सपाट नारिंगी आकाश, खाली जाडजूड अक्षरं? चित्रकाराची आवड होतीच, पण त्याहून मोठं कारण खर्च. प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट, वेगळी छपाई. प्रकाशक तीन रंगांचे पैसे देई, फार तर चार. मग चित्रकार डोकं लढवायचा: कागदाचा पांढरा रंग फुकटचा म्हणून ढगाला वापर, निळ्यावर पिवळा चढवून हिरवा काढ, सावली काळ्यानं न भरता गडद निळ्यानं भर. भिंग लावून कडा बघा. जिथे पिवळ्यावर निळा किंचित सरकलाय तिथे केसाएवढी रेघ दिसते. आम्ही त्याला रजिस्टर हलणं म्हणतो आणि मशीनवर असताना त्याबद्दल शिव्या खाल्ल्या आहेत. संग्रहात मात्र हीच रेघ बघायला मला आवडतं.

यातले मानाचे चित्रकार पहिल्या महायुद्धाच्या पुस्तकांवर भेटतात. युद्ध १९१८ ला संपलं, पण त्यावरची पुस्तकं लोकांना दहा वर्षांनी वाचावीशी वाटू लागली. १९२९ आणि १९३० मध्ये नुसती लाट आली. जर्मन लेखक रिमार्कचं ‘ऑल क्वायट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ १९२९ चं, त्याच वर्षी इंग्रजीत आलं, आणि १९३३ मध्ये नाझींनी बर्लिनच्या चौकात जाळलं. इंग्लंडमध्ये रिचर्ड ऑल्डिंग्टनच्या ‘डेथ ऑफ अ हीरो’ला पॉल नॅशनं जॅकेट केलं. हा नॅश स्वतः खंदकात होता आणि नंतर सरकारनं त्याला युद्धचित्रकार म्हणून पाठवलं. उखडलेली झाडं आणि चिखल काढावा तर त्यानं. रॉबर्ट ग्रेव्हजच्या ‘गुडबाय टु ऑल दॅट’चं जॅकेट लेन लाय या न्यूझीलंडच्या कलाकाराचं, फोटोंचे तुकडे जोडून केलेलं. या पुस्तकाची एक गंमत माहीत असू द्या: पहिल्या छपाईत ग्रेव्हजनं सिगफ्रिड ससूनची एक कविता न विचारता छापली, ससून भडकला, आणि कविता काढून तिथे फुल्या टाकल्या गेल्या. ३४१ ते ३४३ या पानांवर कविता असेल तर ती आधीची प्रत. ससूनच्या स्वतःच्या पायदळातल्या आठवणी फेबर या प्रकाशकानं १९३१ मध्ये बार्नेट फ्रीडमनच्या चित्रांसह काढल्या. फ्रीडमन हा दगडावर किंवा प्लेटवर थेट हातानं काढणारा लिथोवाला. मी ज्यांच्यापुढे टोपी काढतो अशा मोजक्यांपैकी एक. ही पुस्तकं मात्र सुरुवातीला तुमच्या खिशाबाहेरची आहेत. चित्रं बघून ठेवा, पुढे डोळा तयार होतो.

मुलांच्या पुस्तकांकडेही दुर्लक्ष करू नका. वैमानिक बिगल्सच्या गोष्टी १९३२ पासून पुस्तकरूपानं येऊ लागल्या. हॉवर्ड लीनं काढलेली विमानं इतकी अचूक की पंखांच्या तारा मोजाव्यात. पण मुलांनीच हाताळलेली ती. तीसच्या दशकातलं जॅकेट शाबूत मिळणं म्हणजे लॉटरी.

अमेरिकन पुस्तकं भारतात कमी येत, म्हणून थोडक्यात सांगतो. हेमिंग्वेच्या ‘अ फेअरवेल टु आर्म्स’चं १९२९ चं जॅकेट क्लिऑन नावानं सही करणाऱ्या चित्रकर्तीचं. हेमिंग्वेला ते अजिबात आवडलं नव्हतं. सुरुवातीच्या जॅकेटच्या दुमडीवर नायिकेचं नाव चुकून ‘कॅथरिन’च्या वेगळ्याच स्पेलिंगनं, सी ऐवजी के लावून, छापलंय आणि आज लोक ती चूक शोधत फिरतात. १९४८ च्या ‘द नेकेड अँड द डेड’चं जॅकेट जो कॅरॉफचं. बाँडपटांचं पिस्तूलवालं ००७ चिन्ह त्याचंच. १९६१ च्या ‘कॅच-२२’वरचा निळ्यावर लोंबकळणारा लाल माणूस पॉल बेकनचा. एवढं पुरे.

आता तुम्ही कुठून सुरुवात करावी? माझ्या मते दुसऱ्या महायुद्धावरच्या, १९४५ ते १९६० मधल्या ब्रिटिश पुस्तकांपासून. तीन कारणं. चित्रं जोमदार आहेत. आवृत्त्या मोठ्या निघाल्या, त्यामुळे भाव हाताबाहेर नाहीत. अ‍ॅलिस्टर मॅक्लीनची १९५५ ची ‘एच.एम.एस. युलिसिस’ तर इतकी खपली की पहिली आवृत्ती जॅकेटसकट आजही सहज मिळते. कोणी ‘दुर्मीळ’ म्हणून गळ्यात मारत असेल तर हसून पुढे जा. आणि तिसरं, ही पुस्तकं आपल्याकडे खरोखरच होती. छावण्यांचे क्लब, रेल्वेतले स्टॉल, मेसची वाचनालयं, निवृत्त साहेबांची कपाटं यांतून ती आजही बाहेर पडतात. तुमच्या गावचा तर हक्कच आहे. घरी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोल्जर देवळालीत महिनोन्‌महिने पडून राहायचे, कंटाळून डोकं फिरायचं, त्यावरून इंग्रजीत ‘डूलॅली’ हा शब्द आला.

तुम्ही पाठवलेल्या यादीत बर्नार्ड फर्ग्युसनचं ‘बियाँड द चिंडविन’ आहे, कॉलिन्स, १९४५. ब्रिटिश सेनानी विंगेटच्या चिंडिट नावाच्या तुकड्यांबरोबर तो ब्रह्मदेशात शत्रूच्या पाठीमागे गेला होता. ते जपून ठेवा आणि त्याचंच पुढचं, १९४६ चं ‘द वाइल्ड ग्रीन अर्थ’ शोधा. मग जनरल स्लिमचं १९५६ चं ‘डिफीट इंटू व्हिक्टरी’ आणि कलकत्त्यात जन्मलेल्या जॉन मास्टर्सचं १९६१ चं ‘द रोड पास्ट मंडाले’. ब्रह्मदेश हा एकच धागा धरलात तरी वीसपंचवीस जॅकेटांची देखणी रांग होते. ही रांग लावल्यावर माझ्या एक लक्षात आलं आणि ते खटकलं: ब्रह्मदेशात लढलेल्या चौदाव्या सैन्यातले बहुसंख्य जवान भारतीय होते, पण माझ्याकडच्या जॅकेटांवर बांबूच्या बनातून चालणारा तो नेहमी रुंद हॅटवाला गोराच. पगडी दिसलीच तर कोपऱ्यात, पाठमोरी. तेव्हापासून ज्यावर आपला शिपाई समोरून दिसतो अशी जॅकेटं मी वेगळी जमवतोय. अजून पाचच झालीत.

एक सापळा सांगून ठेवतो, बुक क्लबचा. पन्नाशीच्या दशकात सभासदांना स्वस्तात घरपोच जाणाऱ्या आवृत्त्या निघाल्या. कम्पॅनियन बुक क्लब हे नाव तुम्हाला वारंवार दिसेल. चित्रं कधी तीच, कधी नवी, आणि दिसायला छान. घ्या की, पण पहिली आवृत्ती म्हणून पैसे मोजू नका. ओळख सोपी: जॅकेटच्या आतल्या दुमडीवर छापील किंमत नसते. मूळ प्रकाशकाच्या दुमडीवर खालच्या कोपऱ्यात ‘१२ शिलिंग ६ पेन्स नेट’ असं काहीतरी असतं. ‘नेट’ म्हणजे दुकानदारानं सूट द्यायची नाही, असा त्यांच्याकडे करारच होता. तो कोपरा तिरका कापलेला असेल तर कोणीतरी भेट देताना किंमत लपवली, किंवा आपल्याकडच्या दुकानानं रुपयांत विकण्यासाठी कापली. भाव थोडा उतरतो. पण आतल्या पानावर थॅकर किंवा तारापोरवाला या जुन्या पुस्तकविक्रेत्यांची चिमुकली चिठ्ठी असेल तर मला ते कापलेलं जॅकेटही प्रिय.

परदेशी विक्रेत्यांच्या यादीत ‘व्हीजी/जी’, म्हणजे ‘व्हेरी गुड/गुड’, असं दिसेल. तिरप्या रेघेआधी पुस्तकाची अवस्था, नंतर जॅकेटची. तुम्हाला दुसऱ्याशी कर्तव्य. ‘गुड’ या शब्दाला भुलू नका, या धंद्यात ‘गुड’ म्हणजे जेमतेम. आणि फोटो मागवताना कण्याचा, म्हणजे कपाटात उभ्या पुस्तकाची दिसते त्या बाजूचा, मागाच. लाल आणि नारिंगी शाई उन्हात सगळ्यात आधी उडते. समोर लालभडक आणि कणा गुलाबी, असं अर्ध्याअधिक जॅकेटांचं असतं. समोरचा फोटो देऊन कण्याचा टाळणारा विक्रेता काय लपवतोय ते कळतंच.

उलटंही घडतं, आणि तिथे मी स्वतः फसलोय. एका विक्रेत्याकडून टपालानं १९४२ चं एक वैमानिकाचं आत्मचरित्र घेतलं. जॅकेट चकचकीत, कणाही लाल. महिन्याच्या पगारातला चांगला हिस्सा गेला. दोन आठवडे मिरवलं. मग एकदा सहज, बँकेत नोटा तपासतात तो जांभळा टॉर्च त्यावर मारला आणि अख्खं जॅकेट निळंशार चमकलं. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं साधारण १९५० नंतरची. १९४२ चा कागद असा चमकत नाही, मळकट, मेलेला दिसतो. म्हणजे कोणीतरी अलीकडे स्कॅन करून छापलेलं जॅकेट. तीस वर्षं कागदात घालवलेल्या माणसाला हे भिंगाखालीच दिसायला हवं होतं: अस्सल जॅकेटवर रंगाचे सपाट थर, नकलेवर सगळीकडे बारीक रंगीत ठिपक्यांची जाळी, अगदी अक्षरांतसुद्धा. चित्र बघून हुरळलो, भिंग काढलंच नाही. तो टॉर्च दोन-तीनशेला मिळतो. पहिली खरेदी ती करा.

जोडाजोडीची जॅकेटंही असतात. नंतरच्या छपाईचं जॅकेट पहिल्या आवृत्तीवर चढवतात. मागच्या बाजूला इतर पुस्तकांची जाहिरात असेल तर त्यातलं एखादं पुढच्या सालचं निघतं का ते बघा. आणि पुठ्ठ्यावर जिथे डाग आहे तिथेच जॅकेटच्या आत डाग आहे का, हेही बघा. एकत्र भिजलेले असतील तर एकत्र राहिलेले असतात.

घ्यायचं कुठे? पुण्यात जुना बाजार, बुधवार आणि रविवार, सकाळी लवकर. मुंबईत हुतात्मा चौकाचे फूटपाथ पूर्वीइतके भरलेले नाहीत, तरी चक्कर मारा. माटुंग्यालाही. दिल्लीला गेलात तर दर्यागंजचा रविवार बाजार २०१९ पासून महिला हाटच्या आवारात भरतो. बाहेरून मागवलंत तर टपालखर्च पुस्तकाहून जास्त होतो, त्यामुळे तीनचार एकत्र मागवा. छावणीच्या गावांतले रद्दीवाले मात्र कोणीच विचारात घेत नाही. देवळाली, अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), खडकी. फोन नंबर देऊन ठेवा आणि ‘वरचा कागद फेकू नका’ एवढं दहादा सांगा. एका रद्दीवाल्यानं माझ्यासाठी चाळीस पुस्तकं राखून ठेवली आणि ‘साहेब, वरचे फाटके कागद काढून साफ करून दिलीत’ म्हणाला. काय बोलणार!

राहता राहिला आपला पावसाळा. शाळेच्या वह्यांचं प्लास्टिक कव्हर वापरू नका. १९९४ च्या पावसाळ्यात मी तीच चूक केली. गणपतीत कपाट उघडलं तर प्लास्टिक जॅकेटला चिकटलेलं, आणि सोडवताना एक अख्खं लाल विमान प्लास्टिकवर उतरून आलं. उलटं, पण रेघन्‌रेघ स्वच्छ. नव्या रेनकोटसारखा वास येणारं कुठलंही प्लास्टिक लांब ठेवा. पॉलिएस्टरची फिल्म घ्या, मायलर किंवा मेलिनेक्स नावानं मिळते. जॅकेटपेक्षा किंचित उंच कापा, कडा आत दुमडा, गोंदाचा थेंबही जॅकेटला लागता कामा नये. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. कसर लागलेली दिसली तर पुस्तक झिपच्या पिशवीत हवाबंद करून पंधरा दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. घरच्यांना आधी कल्पना द्या. आमच्याकडे बर्फाच्या ट्रेशेजारी पाणबुडी निघाली तेव्हा थोडा वाद झाला होता.

तुमच्या फोटोंतल्या नऊ नंबरच्या पुस्तकाचं जॅकेट कोणीतरी ब्राउन पेपरच्या कव्हराखाली दडवलंय, वरून फक्त निळी कड दिसतेय. ब्राउन पेपर ओढून काढू नका. तो जिथे खळीनं चिकटवलाय ती जागा आतल्या दुमडीवर असणार. तिथे ब्राउन पेपरच कात्रीनं कापा, चिकटलेला तुकडा जॅकेटवर तसाच राहू द्या, आणि बाकीचा अलगद सोडवा. सत्तर वर्षं ऊन न लागलेला कणा असेल तो. निळा कसा निघाला त्याचा फोटो पाठवा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. आणि उलट बाजूचाही.